म्हातारी जेवेना

मे महिन्यात मी निवृत्त झाले आणि जूनमध्ये शाळा माझ्याशिवाय सुरू झाली. घनसावंगीच्या बाजूला एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा होती. अंबडहून तिथं जाऊन-येऊनच माझी सगळी नोकरी झाली. आता सकाळी जाग यायची, डबा भरायला हात पुढे व्हायचा आणि मग आठवायचं, की जायचं कुठंच नाही. मग मी कपाट आवरायचे. आवरलेलं कपाट परत आवरायचे. गच्चीवर जायचे, काही काम नसताना खाली यायचे.

"अगं, जरा बस की एका जागी," नवरा म्हणायचा. त्याचं बाजारात पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान आहे. तो दुकानात गेला की घरात मी आणि मांजर.

मांजर करड्या रंगाची, पोटाखाली पांढरी. आमचं घर बांधून झालं त्या साली पत्र्यांच्या थप्पीखाली जन्मली होती. तेव्हा आमचा मुलगा दहावीला होता, आता तो पुण्यात संसाराला लागला. म्हणजे मांजराच्या हिशेबात ती पार म्हातारीच. सगळे तिला म्हातारीच म्हणायचे, दुसरं नाव कुणी ठेवलं नाही. आणि ती एकट्या आमची नव्हती. आमच्या आणि शेजारच्या मुसलमान मावशींच्या, म्हणजे खालांच्या, घराच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून तिचं दिवसभर येणं-जाणं चालायचं. आमच्याकडे तिला दूध-पोळी. आमचं घर शाकाहारी. खालांकडे मटण आलं की तिचा वाटा ठरलेला. ती भिंतीवरून पलीकडे उतरली की मला उगीच लागायचं. इतकं दूध घालते मी, आणि हिचं मन तिकडंच.

तर त्या जूनमध्ये ती दुधाच्या वाटीशी यायची, वास घ्यायची आणि मागे सरायची. कधी दोन-चार वेळा जीभ लावायची. पोळीचा तुकडा तोंडात घ्यायची आणि मान झटकून टाकून द्यायची. मला वाटलं, खालांकडून पोट भरून आली असणार. नोकरीत असते तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं. पण आता दिवसभर बघायला मी होते. एका दुपारी ती पायाशी येऊन बसली, म्हणून पाठीवरून हात फिरवला. कणा एकेक मणका मोजता यावा असा हाताला लागला. मी हात काढून घेतला आणि परत ठेवला. कातडीखाली काही राहिलंच नव्हतं.

मी तशीच उठून भिंतीपाशी गेले. खाला अंगणात खुर्ची टाकून तांदूळ निवडत होत्या. वय झालेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण आवाज खणखणीत.

"खाला, तिला जरा कमी देत जा. तुमच्याकडं खाऊन येती, मंग आमच्याकडं तोंड लावत न्हाई."

खालांनी ताट मांडीवरून खाली ठेवलं. "मेरे यहाँ? बाई, माझ्याकडं तर तिनं खाणंच सोडलं. परवा कलेजी टाकली, सुंघली और चली गई. मैं समझी, तेरे यहाँ दूध पीती, इसके वास्ते मेरा नक्को."

"मी समजले तुमच्याकडं खाती."

आम्ही दोघींनी तिच्याकडे बघितलं. भिंतीवर ती बसली होती, डोळे अर्धे मिटून, अंगावरचे केस बिनविंचरल्यासारखे उभे. दोन घरं तिला जेवू घालत होती आणि ती कुठंच जेवत नव्हती. हे किती दिवस चाललं होतं, दोघींपैकी एकीलाही सांगता येईना.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मी तिच्यामागे वाटी घेऊन फिरायला लागले. जिन्याखाली एक वाटी, गच्चीच्या दारात एक, न्हाणीघराबाहेर एक. दूध कोमट करून बघितलं, पोळी कुस्करून बघितली, वर तूप सोडून बघितलं. ती यायची, मोठ्या आशेनं यायची, हेच मला बघवेना. जेवायचं नसतं तर आलीच नसती. यायची, तोंड पुढे करायची आणि काहीतरी टोचल्यासारखी मागे व्हायची. नंतर न्हाणीत जाऊन बादलीतलं पाणी मात्र पित बसायची. पितच राहायची.

"म्हातारी झाली ती," नवरा म्हणाला. "या वयात भूक कमीच होती. माझ्या आईची न्हाई का झाल्ती?"

"आईंना भूक नव्हती. हिला हाये. ही खायला येती हो!"

"मंग मी काय करू? दुकानावरून आलोय, जरा पाणी तर दे."

मी पाणी दिलं आणि परत जिन्याखालची वाटी बघायला गेले. वाटीला मुंग्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या घेतल्या, एकीत जुना टॉवेल अंथरला, तिला ठेवलं, दुसरी टोपली वर उपडी घालून सुतळीनं बांधली आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. बाहेर लिंबाखाली एक म्हैस बांधलेली, दोन शेळ्या, एक बैल. त्या सगळ्यांत माझी टोपली. म्हशीचा मालक वाकून बघून म्हणाला, "काय कोंबडी हाये का?" आतून म्हातारी ओरडली, तसा तो मागे झाला.

डॉक्टर मध्यमवयाचे, गमबूट घातलेले. "बाई, मी ढोरांचा डॉक्टर," ते म्हणाले. "हितं मांजर कोणी आणत न्हाई. पण बघू. वजन किती?"

वजन कुणाला माहीत! दवाखान्यात लहान काटा नव्हता. समोरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साखर तोलतो मी याच्यावर." मग खाली वर्तमानपत्र अंथरून त्यानं टोपलीसकट तोललं, नंतर मी तिला कडेवर घेतलं आणि नुसती टोपली तोलली. उरलं ते दोन किलोच्याही आत. पूर्वी ती मांडीवर बसली की पायाला मुंग्या यायच्या, इतकी भरलेली होती.

डॉक्टरांनी तिला टॉवेलात गुंडाळायला लावलं आणि दोन बोटांनी ओठ वर केला. तिनं फिस्कारून पंजा काढायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मलाही दिसलं. मागच्या दाढेपाशी हिरडी लालभडक, सुजलेली, आणि तोंडाला घाण वास.

"दाढ किडली. याच्यानं खाता येत नसंल. पाणी किती पिते?"

"लई पिते. मला वाटलं उन्हाळा लांबला, म्हणून."

त्यांनी ओठ सोडला. "मंग किडनीचं पण बघावं लागंल. रक्त तपासायची सोय माझ्याकडं न्हाई. तुम्ही जालन्याला जा. तिथं कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टर बसतात. आणि जल्दी जा, पुढच्या सोमवारी वगैरे नका ठेवू."

ते 'जल्दी' डोक्यात घेऊन मी घरी आले. नवऱ्यानं गाडी करायचं सुचवलं, पण संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. मला संध्याकाळपर्यंत थांबवेना. मी सरळ एसटी पकडली.

गाडी सुटली आणि टोपलीतून आवाज सुरू झाला. ती एरवी फारशी ओरडणारी नव्हती. पण त्या दिवशी असा लांबच लांब सूर लावला, की पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले.

"काय हाये यात?" कंडक्टरनं विचारलं.

"मांजर. दवाखान्यात घेऊन चालले."

"मांजर? दवाखान्यात?" तो हसला, पण माझं तोंड बघून तिकीट फाडायला लागला. "मांडीवर घ्या, कुणाच्या पायात नका ठेवू."

शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर मोसंबीची पिशवी. तिनं आत वाकून बघितलं. "दुखतंय तिला. डोकेदुखीची अर्धी गोळी कुस्करून द्या. आपल्याला देतेत तीच. बराबर होती." ती इतक्या मायेनं सांगत होती, की मी मान हलवली. खरं सांगायचं तर उतरल्यावर औषधाच्या दुकानासमोर माझे पाय क्षणभर थांबलेही होते. पण दवाखाना जवळ होता, पुढे गेले.

जालन्याची डॉक्टर तरुण मुलगी होती. माझ्या शाळेतून शिकून गेलेल्या पोरींच्या वयाची. तिनं रक्त घेतलं, मांजरीच्या पोटावरून बोटं फिरवली, डोळे, कान, दात बघितले. मी तिला गोळीचं विचारलं.

ती एकदम ताठ झाली. "नाही. घरातली दुखण्याची कुठलीच गोळी नाही. मांजरांना ती विष असते, अर्ध्या गोळीनंसुद्धा जीव जातो. दिली नाही ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि म्हातारीला जवळ ओढलं.

तपासणीचा कागद आल्यावर तिनं मला समोर बसवलं. दोन दुखणी होती. किडन्या थकल्या होत्या. त्या पुन्हा नव्यासारख्या होणार नव्हत्या, त्यांच्यामुळे तिला मळमळत होतं आणि तहान लागत होती. दुसरं दुखणं दाढेचं. ती काढता येणार होती, पण त्यासाठी भूल द्यावी लागणार, आणि या वयात, या किडन्यांवर भूल म्हणजे धोका होता.

"आधी सलाईन देऊन तिला थोडी सावरू. मळमळ थांबायचं औषध देते. मग तुम्ही ठरवा. आणि दूध बंद. उकडलेलं चिकन द्या, मऊ करून, कोमट. मीठ, कांदा, लसूण काहीच नको."

मी म्हणाले, "आमच्या घरात शिजत नाही."

ती म्हणाली, "मग शिजतं तिथून आणा."

शिजत होतं ते भिंतीपलीकडे. खाला रोज लहान पातेल्यात चिकन उकडायच्या, नुसत्या पाण्यात. वास भिंतीवरून यायचा. नवरा पहिल्या दिवशी जेवता जेवता थांबला. "ते आपल्या वाटीत हाये का?"

"तिची वाटी वेगळी केली."

"ओट्यावर नको."

"ओट्यावर ठेवत न्हाई."

त्या दिवशी तो भात टाकून उठला. मीसुद्धा पहिले दोन-तीन दिवस चमच्यानंच ते वाटीत ढकलत होते, नाक बाजूला करून. सलाईन आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांकडेच द्यायची व्यवस्था झाली. कातडी चिमटीत धरून ते खाली सुई घालायचे आणि म्हणायचे, "म्हशीला अख्ख्या बाटल्या लागतेत, हिला बघा, घोटभर." सलाईननं ती तरतरीत व्हायची. भिंतीवर चढायची. पण खाणं तेच, दोन-चार वेळा जीभ लावून मागे.

आणि मग खाला आणि माझं बिनसलं.

"भूल नको देऊ," त्या म्हणाल्या. "उमर झाली तिची. आरामसे जाऊ दे. टेबलावर गेली तर? अनोळखी जागेत, अनोळखी हातात?"

"अन् न्हाई दिली तर उपाशी मरंल."

"उपाशी न्हाई, म्हातारपणानं मरंल. सगळेच मरतेत. तुझं काय झालं माहिती का बाई, तुझी शाळा सुटली म्हणून तू तिच्या मागं लागली. तिला चैन पडू देत न्हाई, आपल्याला पण न्हाई."

मला ते फार लागलं. कारण ते खोटं नव्हतं. मी आत आले आणि दार लावून घेतलं. दोन दिवस भिंतीकडे गेले नाही. पातेल्याचा वास यायचा, म्हातारी पलीकडे जायची, परत यायची. मी घरात येरझाऱ्या घालायचे. जालन्याच्या डॉक्टरचा नंबर काढायचे आणि फोन ठेवून द्यायचे. ती टेबलावर गेली तर खालांना तोंड कसं दाखवायचं? आणि नाही नेलं तर रोज ती वाटीपाशी येऊन मागे सरताना कसं बघायचं?

तिसऱ्या दिवशी खालांनीच हाक मारली. भिंतीला धरून उभ्या होत्या. खुर्ची सोडून त्या उभ्या राहिल्या म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार.

"ऐक. माझी कवळी नवीन बसवली होती, तुला याद हाये?"

"हो."

"एका बाजूनं कापत होती ती. तोंडात जखम झाली. मी जेवण बंद केलं. घरातले समजले, अम्मी रुसली. बहू मेरे सामने थाली रखती, मैं देखती, भूक से पेट जलता, और मैं हटा देती. शरम वाटायची सांगायला, की या वयात दाताचं काय कौतुक. शेवटी ईदच्या दिवशी, सगळे जेवत बसले अन् मला रडू आलं. तवा लेकानं तोंड उघडून बघितलं." त्यांनी भिंतीवर दुसरा हात टेकला. "आज सकाळी तिला बघितलं. वाटीपाशी आली, बघितलं, हटली. मैं वहीच करती थी. अगदी तसंच. बाई, काढ तिची दाढ. मी पण येते."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे एसटीत बसून राहतेत. आपल्यालाच चढायचं असतं."

आम्ही गेलो. या वेळी नवऱ्यानं स्टँडवर सोडलं, टोपली गाडीत चढवून दिली आणि खिडकीतून विचारलं, "दुपारी फोन करशील ना?" मी हो म्हणाले. त्यानं परत विचारलं.

डॉक्टरनं कागदावर सही घेतली आणि तिला आत नेलं. दार बंद झालं. बाहेर बाकड्यावर खाला तसबीहची माळ घेऊन बसल्या. मला बसवेना. मी रस्त्यापर्यंत जायचे, रसवंतीपाशी वळायचे, परत यायचे. एका दुकानात शिरून विनाकारण पिनांचं पाकीट घेतलं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, तशी मी दारापाशी धावले. ते नुसतं भांडंच होतं.

"बैठ गे," खाला म्हणाल्या. "तेरे चलने से मेरा जी घबराता."

मी बसले. त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं मणी सरकवत राहिल्या. मी उठू नये म्हणूनच धरला होता, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरच्या तोंडावरचा मास्क खाली होता आणि ती हसत होती. तिनं वाटीत दाढ दाखवली. एवढीशी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, काळी पडलेली. दुसरा एक दातही काढावा लागला होता. "शुद्धीवर आली. मान डुगडुगते अजून. उद्यापर्यंत खायला घालायची घाई करू नका."

आम्ही घाई केली नाही. म्हणजे खालांनी करू दिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालांच्या स्वयंपाकघरात गेले, पातेल्यातलं चिकन घेतलं आणि चमचा दिसेना म्हणून बोटांनीच कुस्करलं. गुळगुळीत मऊ होईपर्यंत कुस्करत राहिले. हाताला तो वास लागला, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. टॉवेलावर बसलेल्या म्हातारीच्या तोंडापुढे बोटं धरली. तिनं वास घेतला. मान मागे नेली. मग पुन्हा पुढे आली आणि चाटलं. खरबरीत जीभ बोटांवरून फिरत राहिली. मी हललेच नाही. वाटी तिच्यापुढे सरकवली, तसं तिनं तोंड आत घातलं आणि खायला लागली. आवाज करत. मधे थांबून, परत.

खाला म्हणाल्या, "देख, देख!" आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्या मोरीत हात धुतले, घरी जाऊन नवऱ्याला फोन केला. पलीकडून तो दुकानातल्या कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "मांजर जेवली आमची."

त्यानंतर ती पावसाळाभर आणि थंडीभर होती. भरलेली पुन्हा झाली नाही, पण हाताला कणा टोचेनासा झाला. किराणावाल्यानं तिला आपणहून तोलायला सुरुवात केली. चांगले दिवस असायचे, तेव्हा ती सकाळी दोन्ही घरी जेवायची आणि दुपारी गच्चीत उन्हाला लोळायची. वाईट दिवस असायचे, तेव्हा मी परत वाट्या घेऊन फिरायचे आणि तालुक्याचे डॉक्टर घोटभर सलाईन द्यायचे. माझी तगमग काही गेली नाही. रोज उठल्यावर पहिलं काम तिच्या पाठीवर हात ठेवून बघायचं.

मार्चच्या शेवटी तिनं परत खाणं सोडलं. या वेळी ती वाटीशी आलीच नाही. बोट पुढे केलं तर तोंड फिरवायची, शांतपणे. जालन्याच्या डॉक्टरनं फोनवर सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "किडन्या संपत आल्या. आणायचं असेल तर आणा, त्रास होत असेल तर शांतपणे झोपवता येईल. पण काही दुखत नसल्यासारखी पडून असेल तर घरीच राहू द्या." ती पडून होती. खालांच्या अंगणात, खुर्चीच्या सावलीत. मी भिंत ओलांडून त्यांच्याकडेच जाऊन बसायचे. एका सकाळी खालांनी तिच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून मला म्हणाल्या, "गेली."

पुरायला नवऱ्यानं दुकान उघडायच्या आधी पहार आणली. आमच्या मागच्या अंगणातल्या मोसंबीच्या झाडापाशी जमीन दगडासारखी झाली होती. त्यानं आधी दोन बादल्या पाणी ओतलं, मुरू दिलं, मग खणायला लागला. शर्ट घामानं भिजला. मी म्हणाले, "पुरे झालं एवढं." तो म्हणाला, "कुत्रे उकरतेत. अजून खोल पाहिजे," आणि खणत राहिला. खालांनी आपली एक जुनी मऊ ओढणी दिली, तिच्यात तिला गुंडाळलं. माती लोटून झाल्यावर त्यानं वर दोन फरशीचे तुकडे बसवले, ते हलतात का हे पायानं दाबून बघितलं, आणि हात धुवायला नळाकडे गेला. नळाला पाणी आलं नव्हतं. मी हौदातून तांब्या भरून त्याच्या हातावर पाणी घातलं. त्यानं हात चोळत विचारलं, "खाला एकट्याच हायेत का? चहा कर तिघांचा. आज मी दुकान उशिरा उघडतो."